चौथ्या क्रमांकाचे कारण

खोट्या बोलण्याने कुणाची हानी झाली, तर ती भरून काढण्याचा मार्ग निदान डोळ्यांना दिसतो. खोटे मागे घ्यावे, क्षमा मागावी आणि खरे काय ते सांगावे. खऱ्या बोलण्याने झालेली हानी अशी मागे घेता येत नाही. जे सांगितले ते खरेच असते; सांगणाऱ्याला ते सांगण्याचा अधिकार नसतो, एवढाच दोष. विश्वासाने कानावर घातलेली गोष्ट कानाच्या मालकीची होत नाही, ती तेथे ठेव म्हणून राहते. त्या ठेवीला हात एकाने लावावा आणि दोषी दुसरेच कुणी ठरावे, अशी वेळ आली म्हणजे पहिल्याचे मौन हाही एक निराळा अपराध होऊ लागतो, आणि तो रोज थोडा थोडा वाढत जातो. गुणवंतराव उपासनी यांच्यासारख्या सज्जन गृहस्थावर गेल्या भाद्रपदात अशी वेळ आली.

गुणवंतराव दुबईतील जबल अलीच्या मुक्त व्यापार क्षेत्रात एका मालवाहतूक कंपनीच्या कस्टम्स विभागाचे प्रमुख. बालपणी वाईला मामांच्या घरी राहून त्यांनी संस्कृताचे आणि याज्ञिकीचे अध्ययन केले होते. पुढे पोटापाण्यासाठी वाणिज्याची पदवी घेतली आणि नोकरीने त्यांना अमिरातीत आणले. येथे आल्यावर, पूजा सांगणारे कुणी सहज मिळत नाही म्हणून, ओळखीच्या मराठी घरांतून त्यांना बोलावणी येऊ लागली. शनिवार-रविवारी सोवळे आणि पोथी पिशवीत घालून ते जात, आणि नारळाखेरीज काही स्वीकारीत नसत.

त्यांची एक रीत होती. संकल्पाच्या वेळी बहुतेक ठिकाणी ठरलेले शब्द म्हणून पुढे जातात. गुणवंतराव तसे करीत नसत. यजमानाच्या हाती पळीभर पाणी देण्यापूर्वी ते जरा पुढे झुकून विचारीत, "मनात खरोखर काय आहे, ते मला सांगा." पतिपत्नी हलक्या आवाजात सांगत, आणि ते त्याच क्षणी ती इच्छा संस्कृतात गुंफून देवापुढे मांडीत. मागे बसलेल्या मंडळींना केवळ संस्कृत ऐकू येई. त्यामुळे दुबईपासून अबू धाबीपर्यंत किती घरांची कोणकोणती दुखणी, भांडणे आणि भीती या एका माणसाला ठाऊक होती, याची गणती नव्हती. लोक विश्वासाने सांगत, कारण सांगितलेले देवाखेरीज कुणाकडे जात नाही, असा आजवरचा अनुभव होता.

श्रावणाच्या अखेरीस अबू धाबीच्या खलिफा सिटीमध्ये सतीश देवस्थळी यांच्या घरी रुद्राभिषेक होता. सतीश अभियंते, त्यांची पत्नी लतिका एका शाळेत गणित शिकवीत असे. त्यांची मुलगी ईश्वरी अबू धाबीच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती आणि तेथील महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार होती. गुणवंतरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा लतिकाने एकदा जिन्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"गुरुजी, ईश्वरीचा गुडघा. उजवा. उन्हाळ्यापासून धरलाय. स्कॅन व्हायचाय अजून. कोचना सांगितलेलं नाहीये तिने, रिपोर्ट आला की स्वतःच सांगणार आहे. शेवटचा सीझन आहे हो तिचा. फक्त तेवढं मागा."

गुणवंतरावांनी मान हलवली. "मम कन्यायाः ईश्वर्याः जानुपीडापरिहारार्थम्" असे शब्द त्यांनी स्वच्छ उच्चारले. सतीशच्या हातावरचे पाणी ताम्हनात पडले. जिन्यावर उभी राहून फोन पाहणाऱ्या ईश्वरीला आपल्या गुडघ्याचे नाव देवाच्या कानी गेल्याचे समजलेही नाही.

गुणवंतरावांची कन्या वैभवी दुबईत माध्यमशास्त्र शिकत होती. ती येथेच वाढली. घरात आईवडील मराठीत बोलत आणि ती इंग्रजीत उत्तर देई. रागावली म्हणजे मात्र मराठीत येई. अमिरातीतील आठ विद्यापीठांच्या महिला संघांची 'किनारा परिषद' म्हणून एक बास्केटबॉल स्पर्धा भरते, तिच्या संकेतस्थळासाठी वैभवी लिहीत असे. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संघाची बाजू पाहून त्याला क्रमांक देणारा जो मोठा लेख असतो, तो या वर्षी प्रथमच तिच्याकडे आला होता. कोणत्या संघाच्या खेळाडू पदवी घेऊन गेल्या, कुणाचा प्रशिक्षक नवा, कुणाची लांबून चेंडू टाकण्याची नजर पक्की, हे तिने आठवडाभर तपासले होते. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या घरातील जेवणाचे टेबल तिच्या कागदांनी भरलेले असे, आणि तिची आई अनुराधा ताटे ठेवण्यापुरती जागा मागून घेई.

अभिषेकाच्या दुसऱ्या दिवशी जेवताना वैभवीने मान वर केली.

"बाबा, तुम्ही काल देवस्थळींकडे होतात ना? ईश्वरी कशी आहे? फिट वाटली? मी त्यांना नंबर वनला टाकतेय. अल ऐनचा डिफेन्स सॉलिड आहे, बट बास्केटखाली ईश्वरीसारखी कोणीच नाहीये धिस इयर."

हा प्रश्न साधा होता. तो विचारणारी मुलगी मात्र गेल्या कित्येक महिन्यांत वडिलांना गाडीच्या किल्लीखेरीज काही विचारीत नव्हती. तिच्या जगातले काहीतरी आपल्याला ठाऊक आहे आणि ते तिला हवे आहे, या जाणिवेने गुणवंतरावांना इतका आनंद झाला की तो आनंदच त्यांच्या जिभेवर येऊन बसला.

"पहिला क्रमांक देऊ नकोस तिला," ते म्हणाले.

"का?"

"तिचा उजवा गुडघा धरला आहे. उन्हाळ्यापासून."

"सीरियसली? शुअर आहात?"

"अगं, तिच्या आईनेच सांगितलं मला."

"ओ माय गॉड, बाबा! धिस इज ह्यूज." वैभवी उठून त्यांच्या गळ्यात पडली. लहानपणी पडत असे तशी.

अनुराधा स्वयंपाकघरात आणखी भात आणायला गेली होती. तिने हे ऐकले नाही. 'हे कुठे लिहू नकोस' हे वाक्य गुणवंतरावांच्या ओठांपर्यंत आले. परंतु ते उच्चारले असते, तर जे सांगू नये ते आपण आत्ताच सांगितले, ही कबुली त्याच वाक्यात आली असती. आणि गळ्यातला तो हात गळून पडला असता. त्यांनी ताटातल्या भातावर दही घेतले आणि ते कालवीत राहिले.

लेख गुरुवारी आला. गुणवंतरावांनी तो कचेरीत, बंदरातून सुटणाऱ्या मालाची कागदपत्रे बाजूला सारून वाचला. मुलीचे लेखन खरोखर चांगले होते. अल ऐनचा संघ तिने पहिला ठेवला होता: 'या मुली प्रतिस्पर्ध्याला धावू देत नाहीत, दमू मात्र देतात.' शारजाहचा दुसरा, कारण त्यांच्या दोघी नेमबाज चुकणेच विसरल्या आहेत. रास अल खैमाचा तिसरा. अजमानच्या नव्या प्रशिक्षिकेविषयी तिने आदराने लिहिले होते आणि फुजैराच्या संघाची गंमत करतानाही त्यांना दुखावले नव्हते. गुणवंतरावांच्या मनात अभिमान दाटला. मग ते चौथ्या क्रमांकाशी आले.

'अबू धाबी. कागदावर हा संघ पहिला आहे. परंतु कर्णधार ईश्वरी देवस्थळी हिच्या उजव्या गुडघ्याचे दुखणे उन्हाळ्यापासून बरे झालेले नाही, असे संघाच्या निकटवर्ती सूत्रांकडून समजते. ती पूर्ण बळाने खेळणार नसेल, तर बास्केटखालची जागा रिकामी आहे.'

ते त्यांनी पुन्हा वाचले. संघाच्या निकटवर्ती सूत्रांकडून. वैभवीने पत्रकारांच्या रीतीप्रमाणे माहितीला एक सभ्य वेष दिला होता. त्या वेषामुळे वाचणाऱ्याचे बोट जेवणाच्या टेबलाकडे न वळता थेट संघातल्या मुलींकडे वळत होते.

त्यांचे जुने स्नेही राजाभाऊ हे देवस्थळींच्या शेजारच्या व्हिलात राहत. त्यांचा फोन शनिवारी सकाळी आला.

"गुणवंता, तुझ्या पोरीने बॉम्बच टाकलाय की रे!"

"काय झालं?"

"काय झालं म्हणजे? ती कोच खवळली. मला अंधारात ठेवलंत, म्हणाली. ईश्वरीची प्रॅक्टिस बंद, कॅप्टनशिप काढली, खलास! आणि दिली कुणाला, सांग. त्या हिबाला."

"हिबा कोण?"

"अरे, ती अम्मानकडची मुलगी, ईश्वरीची जिवाची मैत्रीण. फिजिओकडे तीच घेऊन जायची आपल्या गाडीतून. गुडघ्याचं घराबाहेर फक्त तिला माहीत. आता हिशेब तूच कर. आतली बातमी बाहेर कुणी दिली आणि खुर्ची कुणाला मिळाली?"

"असं कुणी म्हटलं?"

"ईश्वरीने! अख्ख्या टीमसमोर सुनावलं तिला. ती बिचारी 'वल्ला, मी नाही, वल्ला, मी नाही' अशा शपथा घेत रडत होती म्हणे. बिचारी कसली, नाटकी. निम्म्या पोरी बोलत नाहीत आता तिच्याशी. बाकी तुझ्या वैभवीचं कौतुक हं. नाव नाही फोडलं तिने सोर्सचं. पक्की आहे! विचार बरं तिला गुपचूप, हिबाच ना?"

गुणवंतरावांनी "बघतो" असे म्हणून फोन ठेवला. 'बघतो' हा शब्दही त्यांना नंतर दिवसभर बोचत राहिला, कारण त्या एका शब्दाने त्यांनी हिबावरील आरोपाला आणखी थोडी हवा दिली होती.

पुढच्या दोन दिवशी सकाळी त्यांनी जपाला बसून पाहिले. नकळत घडलेल्या दोषांसाठी शास्त्राने पुष्कळ मार्ग सांगितले आहेत, ते त्यांना मुखोद्गत होते. माळ हाती घेतली की मात्र अम्मानकडच्या एका अनोळखी मुलीचे रडणे त्यांना ऐकू येई, आणि आपण प्रायश्चित्त करीत नसून लपून बसलो आहोत, हे त्यांच्या लक्षात येई. ते माळ पेटीत ठेवून देत.

शेवटी त्यांनी घरी विषय काढला. वैभवी टेबलापाशी होती आणि अनुराधा भाजी निवडीत होती. त्यांनी अभिषेकापासून सारे सांगितले, स्वतःसाठी काही न वगळता.

वैभवीचा चेहरा उतरला. "पण बाबा, तुम्ही म्हणालात तिच्या आईने सांगितलं. आय थॉट, सगळ्यांना माहितीये. नुसती गप्पांतली गोष्ट असेल."

"तुझा दोष नाही."

"आहे. मी ईश्वरीला एक फोन करायला हवा होता. मला भीती वाटली, ती नाही म्हणेल." तिने टेबलावरचे कागद पुढे ओढले. "पण इट्स ट्रू ना? गुडघा खरंच दुखतोय. मी खोटं नाही लिहिलं."

"म्हणून तर ते खोडताही येत नाही."

"मी तो पॅरा काढून टाकते. आत्ता. यल्ला, चला, दोन मिनिटांचं काम आहे."

"त्याने हिबा कशी सुटेल?" गुणवंतराव म्हणाले. "उलट लोक म्हणतील, तिनेच काढायला लावला."

अनुराधाने भाजीवरची नजर उचलली नाही. "अहो, देवापुढे संकल्प सांगताना तुम्ही आवाज एवढा खाली आणता, की मागे बसलेल्या मला कधी ऐकू येत नाही. आणि वरणभातावर सगळा ओतून मोकळे झालात?"



"मी देवस्थळींना सांगेन," गुणवंतराव म्हणाले.

"आणि माझं?" वैभवीचा आवाज चढला आणि ती पूर्ण मराठीत आली. "तुम्ही सांगितलंत की सगळ्यांना कळणार, माझा निकटवर्ती सूत्र म्हणजे माझे बाबा. आमचा एडिटर शैलेंद्र मला एक दिवस ठेवणार नाही. पहिलाच मोठा लेख होता माझा, बाबा. पहिलाच."

ती खोलीत निघून गेली. गुणवंतराव तेथेच बसून राहिले. एकीकडे दुसऱ्याची मुलगी होती, जिला त्यांनी कधी पाहिले नव्हते. दुसरीकडे स्वतःची, जी आताच कुठे त्यांच्या गळ्यात पडली होती. उद्या सांगू, असे त्यांनी ठरवले. उद्या आला, आणि कचेरीतले काम फार आहे असे त्यांनी स्वतःला पटवले. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना पटवून घेण्याचीही गरज भासली नाही. हे अधिक भयंकर होते, आणि ते त्यांना कळत होते.

मग लतिकाचा फोन आला.

"गुरुजी, शनिवारी येता का? छोटीशीच पूजा. ईश्वरी जेवत नाही धड. तो गुडघा परवडला, पण मैत्रिणीने असं केलेलं तिला सहन होत नाहीये. घरात येऊन माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाल्लेली मुलगी हो! मला वाटतं, नजरच लागली. तेवढी शांती करून द्या."

"येतो," गुणवंतराव म्हणाले. तेव्हाही ते फोनवर सांगू शकत होते.

शनिवारी त्यांनी गाडीची किल्ली उचलली, तेव्हा वैभवी दाराशी उभी होती. "मी चालवते," एवढेच ती म्हणाली. गाडी अबू धाबीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना वाळू पांढरी दिसत होती आणि काचेतूनही ऊन जाणवत होते.

"तुम्ही आज सांगणार आहात?" तिने समोर पाहत विचारले.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. हे उत्तर ऐकून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

देवस्थळींच्या दिवाणखान्यात चौरंग मांडलेला होता. सतीश पीतांबर नेसून बसले होते. लतिकाने वैभवीला पाहिले आणि तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, तरी ती म्हणाली, "ये गं, बस. लिहिणाऱ्याने लिहिलं. आमचंच माणूस फितूर निघालं, तर तुझ्यावर काय रागवायचं?" ईश्वरी पाय लांब करून सोफ्यावर बसली होती, गुडघ्याला पट्टा होता. ती वैभवीकडे पाहत नव्हती.

आचमन झाले, प्राणायाम झाला. गुणवंतरावांनी सतीशच्या हाती पाणी देण्यासाठी पळी भरली आणि सवयीने पुढे झुकून विचारले, "मनात खरोखर काय आहे, ते मला सांगा."

लतिकाने सतीशच्या हाताला हात लावला. या वेळी तिने आवाज खाली आणला नाही. "खोट्या मैत्रीची बाधा माझ्या मुलीवरून जाऊ दे. त्या हिबाची सावली या घरावर पुन्हा पडायला नको. असं म्हणा, गुरुजी. नाव घेऊन म्हणा."

शब्द त्यांच्या मुखात तयार होते. इतक्या वर्षांच्या सवयीने ते आपोआप जुळून आले होते, विभक्तीप्रत्ययांसकट, आणि केवळ ओठ हलवण्याचा अवकाश होता. आजवर त्यांनी देवापुढे लोकांची दुःखे मांडली होती. एका निरपराध मुलीचे नाव घेऊन असत्य मांडण्याची ही पहिली वेळ होती, आणि ते असत्य त्यांच्याच मौनातून जन्मले होते. 

त्यांनी पळी खाली ठेवली. ते आसनावरून उठले आणि चौरंगापासून दूर, जमिनीवर बसले.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?" सतीशने घाबरून विचारले. "लतिका, पाणी आण."

"पाणी नको. हा संकल्प मी सांगू शकत नाही, सतीशराव. हिबाने काही केलेलं नाही. गेल्या वेळी याच ठिकाणी वहिनींनी मला जे सांगितलं, ते मी घरी जाऊन माझ्या मुलीला सांगितलं. ती बातमी माझ्या तोंडून गेली. दुसरं कुणी नाही. आणि हिबाचं नाव निघालेलं मला आठवडाभर ठाऊक आहे, तरी मी गप्प बसलो."

 लतिका त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही?" लतिका म्हणाली. "गुरुजी, तुम्ही?"

"मी बाबांना विचारलं होतं," वैभवी उभी राहिली. "आणि लिहिलं मी. 'संघाच्या निकटवर्ती' हे पण माझंच. ते तर खोटंच होतं. मला भारी वाटलं ते लिहायला. ईश्वरी, आय ॲम सॉरी. मी तुला एक फोन केला असता तर…"

ईश्वरी तिच्याकडे पाहत नव्हती. ती गुणवंतरावांकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत रागाहून वेगळे काहीतरी होते.

"काका, मी तिला काय काय बोलले, माहितीये तुम्हाला? सगळ्यांसमोर? ती म्हणत होती, आईची शपथ घेते. मी म्हटलं, तुझ्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार?" तिचा आवाज फुटला. "माझा गुडघा सांगितलात ना, ते ठीक आहे. तो मीच लपवला होता, चूक माझी पण आहे. पण तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतं. हिबाचं नाव आलं त्याच दिवशी."

"हो," गुणवंतराव म्हणाले. याहून अधिक बोलणे त्यांना उद्धटपणाचे वाटले असते.

ईश्वरीने फोन लावला. पलीकडून कुणी उचलला नाही. तिने पुन्हा लावला. मग ती भिंतीला धरून उठली. "बाबा, मला तिच्या घरी सोडा. आत्ता."

"अगं, पीतांबरात आहे मी."

"मग पीतांबरातच चला!"

सतीश क्षणभर घुटमळले आणि मग खरोखरच तसेच, उपरणे सावरीत, किल्ली घेऊन निघाले. लंगडत जाणाऱ्या मुलीच्या मागून पीतांबर नेसलेला बाप घाईने गेला, आणि दाराबाहेरच्या उन्हात दोघे दिसेनासे झाले.

लतिका चौरंगापाशी एकटी उरली. तिने निरांजन उचलून देवघरात ठेवले आणि फुले परडीत परत भरली. तिचे हात शांत होते. "गुरुजी, पूजा राहू दे आता," ती म्हणाली. "आणि यापुढेही. राग म्हणून नाही म्हणत. पुढच्या वेळी तुम्ही 'मनात काय आहे' विचारलंत, तर मला खरं सांगता यायचं नाही. मग उपयोग काय?"

"बरोबर आहे तुमचं," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी पोथी पिशवीत ठेवली. लतिकाने सवयीने नारळ पुढे केला. त्यांनी हात जोडले आणि तो घेतला नाही.

परतीच्या वाटेवर वैभवीने एका पेट्रोलपंपाच्या सावलीत गाडी थांबवली. फोनवरून तिने प्रथम शैलेंद्रला कळवले, आणि त्याची परवानगी येताच लेखाच्या शिरोभागी चार ओळी घातल्या. ईश्वरी देवस्थळीविषयीची माहिती आपल्याला एका खासगी संभाषणातून मिळाली होती, ती पडताळून न पाहता आणि तिची संमती न घेता आपण छापली, संघातल्या एकाही खेळाडूने ती दिलेली नव्हती, आणि 'संघाच्या निकटवर्ती सूत्रांकडून' हे शब्द असत्य होते, असा त्यांचा आशय. तिने त्या ओळी वडिलांना वाचून दाखवल्या. शब्दांवर प्रेम करणाऱ्या त्या माणसाने एकही शब्द सुधारला नाही.

थोड्याच वेळात शैलेंद्रचा संदेश आला. या हंगामापुरते लेखन दुसऱ्याकडे देण्यात येत आहे, असे त्याने सौजन्याने लिहिले होते. वैभवीने तो वाचला आणि डोळे पुसले. "फेअर आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाबा, तुम्ही मला तेव्हा 'लिहू नकोस' म्हणाला असतात, तर मी नसतं लिहिलं. खरंच."

"ठाऊक आहे मला."

"मग का नाही म्हणालात?"

गुणवंतरावांनी खिडकीबाहेर पाहिले. "तू खूश झाली होतीस," ते म्हणाले.

वैभवीला यावर रडावे की रागवावे, हे कळले नाही. तिने गाडी सुरू केली.

त्यानंतरच्या दिवसांत जे व्हायचे ते झाले. ही गोष्ट खलिफा सिटीतून दुबईच्या मरीनापर्यंत पसरली, राजाभाऊंनी फोन करून "गुणवंता, तू रे?" एवढेच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ठेवून दिला. ठरलेल्या दोन पूजा रद्द झाल्या. एका ठिकाणी कारण सांगितले, दुसऱ्या ठिकाणी सांगितले नाही. गुणवंतरावांनी कुणाकडे बाजू मांडली नाही. ईश्वरीचा स्कॅन झाला. पहिले काही सामने तिला बाहेर बसावे लागणार, पण हंगाम संपण्यापूर्वी ती खेळू शकेल, असे डॉक्टरांनी सांगितले. कर्णधारपद हिबाकडेच राहिले, आणि तसे असावे असे ईश्वरीनेच प्रशिक्षिकेला कळवल्याचे कानावर आले.

हिबाच्या दारात त्या दुपारी काय घडले, हे मात्र कुणालाच कळले नाही. धीर करून वैभवीने ईश्वरीला एकच ओळ लिहिली होती: 'हिबा भेटली का?' उत्तर दुसऱ्या दिवशी आले.

'दार उघडलं तिने. पुढचं मी तुला सांगणार नाही.'

वैभवीने तो संदेश वडिलांपुढे धरला. त्यांनी तो वाचून मान हलवली, आणि दोघांपैकी कुणालाही अधिक विचारावेसे वाटले नाही.

आपणही विचारू नये. उंबऱ्याच्या आत त्या दोघींमध्ये जे बोलणे झाले असेल, ते त्यांचेच राहो. ज्या मुलीवर विनाकारण दोष आला, तिच्या घरी सुख नांदो. जिने दोष दिला, तिच्या पायांत बळ येवो आणि मनातला सल निघो. जिने घाईने लिहिले, तिच्या हातून पुढे पुष्कळ आणि चांगले लिहिले जावो. आणि ज्याने उशिरा का होईना खरे सांगितले, त्याला पुन्हा कधी कुणी विश्वासाने काही सांगितले, तर ते जपण्याचे सामर्थ्य त्याला लाभो. सर्वांचे कल्याण असो.